जागा बदलताना कॉम्प्युटरचं काय?

मार्चअखेर झाली, वह्यांवर सह्या झाल्या, की एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे एक काम हमखास निघतं. जागा बदलायचं. कुठे मसाला युनिटचं भाडं परवडेनासं होतं, कुठे ग्रामपंचायत एखादी खोली देते, कुठे संघाचं ऑफिस बाजाराच्या गावी न्यायचं ठरतं. मग बैठकीत यादी होते. कांडप मशीन, वजनकाटा, पिशव्या सील करायचं मशीन, कपाटं, सतरंज्या. कॉम्प्युटर यादीत सगळ्यात शेवटी. "त्याचं काय, उचलला की झालं!"

तर आज त्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय. कांडप मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, नाहीतर नवं घेता येतं. पण त्या डब्यात काय काय आहे बघा. कोणत्या दुकानदाराकडे किती उधारी आहे, कोणत्या ताईची बचत किती, तिच्या कर्जाचे किती हप्ते राहिलेत. पापडाच्या पाकिटावरच्या लेबलचं डिझाइन, अन्न परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटीची बिलं. जीएसटी नोंदणी असेल तर हे हिशेब वर्ष संपलं म्हणून टाकता येत नाहीत. त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे ६ वर्षं, ते जपावे लागतात. आणि बचतीचे आकडे गेले तर उद्या बँकेला काय दाखवायचं?

आमच्या शेजारच्या भागातल्या एका संघाची गोष्ट सांगते. त्यांनी बॅकअप घेतला नव्हता असं नाही, घेतला होता! टेम्पोतून कॉम्प्युटर नेला, नव्या जागी तो सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. अध्यक्षताई म्हणाल्या, मारा, आमच्याकडे पेनड्राइव्ह आहे. फॉरमॅट झाल्यावर पेनड्राइव्ह लावला, तर त्यात नुसते शॉर्टकट. स्क्रीनवर जी चित्रं दिसतात ना, त्यांतल्या काहींच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. ती फाइल नसते, फाइलकडे जायची पाटी असते. पाट्या उचलून आणल्या आणि गाव मागेच राहिलं. नंतर त्या बायकांनी गटागटांत जाऊन पासबुकं आणि कच्च्या वह्या गोळा करून हिशेब पुन्हा लिहिला. सगळा जुळला नाहीच. दोन गटांत त्यावरून धुसफूस झाली ती वेगळी.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की बॅकअप घेतला का, एवढं विचारून थांबू नका. उघडून बघितला का, ते विचारा. सोयाबीन पेरायच्या आधी आपण काय करतो? घरचं बियाणं आहे म्हणून तसंच पेरत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. ७० उगवले तर ते पेरणीचं बियाणं. बॅकअपचीही अशीच उगवण बघायची.

ती कशी बघायची ते ऐका. हिशेब टॅलीमध्ये असेल तर आधी तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, कागदावर छापून घ्या. त्यासोबत प्रत्येक सभासदाची बचत आणि कर्जबाकीची यादीही छापा. त्यावर तारीख घाला, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्षांच्या सह्या घ्या. त्यानंतर नवी नोंद करायची नाही, बिलं थोडा वेळ हातानं फाडा. आता बॅकअप. टॅली प्राइममध्ये वरच्या ओळीत 'डेटा' लिहिलेलं असतं, त्यात बॅकअप आहे. तो पेनड्राइव्हवर घ्या आणि तालुक्याला तुमचे कर सल्लागार असतील त्यांच्याकडे न्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो उघडायला सांगा. त्यांचं टॅली आपल्यापेक्षा जुनं नको, नाहीतर उघडणार नाही. आपल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघायचा मोह टाळा, कारण चुकून चालू हिशेबावरच जुना हिशेब बसतो.

उघडला, की हातातला कागद आणि समोरचा आकडा ताडून बघा. एकूण बेरीज जुळते का? शेवटचं बिल आहे का? यादीतल्या कुठल्याही पाच जणींची बाकी जुळते का? ह्यात माउस धरता यायची गरज नाही हं. बाकी जुळवणं तर आपण वर्षानुवर्षं दर बैठकीला करतोय. "पोराला सांगितलंय, तो बघेल" असं बऱ्याच ठिकाणी ऐकते. पोरं हुशार असतात, पण बायकांच्या पैशाचा हिशेब जुळला हे सांगायला बाईच समोर उभी पाहिजे.

टॅलीच्या बाहेरही बरंच काही असतं. एक्सेलमधल्या याद्या, स्कॅन केलेली कागदपत्रं, फोटो. हे बहुतेक डेस्कटॉपवर नाहीतर डाउनलोडमध्ये पडलेलं असतं, आणि फॉरमॅट मारला की नेमकं तेच आधी जातं. ते कॉपी करा, 'कट' करू नका. कटमध्ये मधेच लाइट गेली तर घोटाळा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती मराठी फॉन्टची. आपली जुनी पत्रं, जुनी लेबलं युनिकोडमध्ये नसतात. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल, तर 'घरगुती कांदा-लसूण मसाला'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल चांगली असते, पण वाचता येत नाही. म्हणून तो फॉन्टही सोबत कॉपी करून घ्या, आणि लेबलची एक पीडीएफ करून ठेवा. पीडीएफ छापखान्यात सहसा आहे तशी उघडते.

आता प्रती किती? कॉम्प्युटरमधली सोडून दोन तरी. एक पेनड्राइव्ह कोषाध्यक्षांच्या घरी कपाटात. टेम्पोत नाही! एकाच गाडीत कॉम्प्युटरही आणि बॅकअपही, मग उपयोग काय? त्यात बायकांचे आधार, पासबुकं असतात, तेव्हा तो गाणी भरायला कोणाला देऊ नका. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर. १५ जीबीपर्यंत पैसे पडत नाहीत, आपल्या हिशेबाला तेवढी जागा भरपूर होते. पण खातं संघाच्या नावाचं हवं, नंबर संघाच्या मोबाइलचा हवा आणि पासवर्ड दोघींना माहीत हवा. ऑपरेटर मुलगी लग्न होऊन गेली आणि पासवर्ड तिच्याबरोबर सासरी गेला, असं होतं बघा. जीएसटी, बँक, ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेले असतात, फॉरमॅटनंतर तो ते विसरतो. ते वहीत लिहून वही कुलपात ठेवा.

प्रत्यक्ष हलवायचं तेव्हा कॉम्प्युटर नीट शटडाउन करा, बटण दाबून बंद करू नका. वायरी काढायच्या आधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क चकतीची असते, तिला हादरे सोसत नाहीत. म्हणून डबा गोधडीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन जा, टेम्पोत मिरचीच्या पोत्यांवर नको. यूपीएस जड असतो, तो वेगळा ठेवा.

नव्या जागी आधी अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, मग कॉम्प्युटर लावा. सुरू झाला, की पहिलं बिल काढायच्या आधी तो सह्यांचा कागद काढून आकडे पुन्हा ताडून बघा. हाताने फाडलेली बिलं त्यानंतर चढवा. सुरू नाहीच झाला आणि कोणी फॉरमॅटचं नाव काढलं, तर त्याला म्हणा, थांबा भाऊ, आधी कोषाध्यक्षांना पेनड्राइव्ह घेऊन येऊ दे.