रणातील मीठ

मीठ समुद्राच्या पाण्यापासून होते, असे आम्ही आयुष्यभर वर्गात शिकविले. गेल्या पौषात कच्छच्या लहान रणात गेलो आणि तो पाठ अपुरा ठरला. तेथील अगरिया कुटुंबे पावसाळा सरला की रणात येतात, विहिरी खणून भूगर्भातील खारे पाणी उपसतात व आगरात मीठ पिकवितात. एका माउलीने गोणपाटाच्या झोपडीत बिनदुधाचा चहा बशीत ओतून दिला; गोड मात्र भरपूर! तिच्या यजमानांचे पाय मिठाने लाकडासारखे झाले होते. “चितेवरही हे नीट जळत नाहीत,” असे ते हसत म्हणाले. आम्हांस हसू आले नाही. निघताना त्यांनी मूठभर खडे आमच्या रुमालात बांधले; पैसे घेतले नाहीत. ते खडे या मेजावर ठेविले आहेत. मुलांनी जवळ येऊन पाहावेत.