सूर्यकिरणांचे सारथी
(विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. तेव्हा वर्णपटमापकाविषयी आपणांपुढे बोलणे हे धाडसच आहे. परंतु या यंत्रणेच्या ज्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, त्याविषयीच मला दोन शब्द सांगावयाचे आहेत. तो भाग म्हणजे सपाट आरसा.

वर्णपटमापकाच्या अरुंद फटीतून आलेला प्रकाश पुढे रंगांत विभागला जातो, हे आपण जाणताच. पण तो फटीपर्यंत आणावयाचा कसा? सूर्याच्या सूक्ष्म अभ्यासासाठी हे यंत्र कित्येक मीटर लांब करावे लागते. ते सूर्यामागे फिरविणे अवघड. म्हणून यंत्र स्थिर ठेवून प्रकाशालाच वळवून आणतात.

तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत ही व्यवस्था पाहावयास मिळते. तेथील ११ मीटर उंच मनोऱ्यावरचा ६० सेंटिमीटर व्यासाचा आरसा सूर्याचा मागोवा घेतो. दुसरा आरसा प्रकाश खाली पाठवितो आणि तिसरा त्याला ६० मीटर लांबीच्या भूमिगत बोगद्यात वळवितो. तेथे भिंगामुळे सूर्याची ३४ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा तयार होते.

आरसा थांबला तर ही प्रतिमा सुमारे दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढी सरकेल! म्हणून पहिला आरसा पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा अक्षाभोवती ४८ तासांत एक फेरा करतो. २४ का नव्हे? कारण आरसा एक अंश वळला की परावर्तित किरण दोन अंश वळतो. याच नियमामुळे आरशाची चूकही दुप्पट होते.

या काटेकोरपणाचे मोल काय? जॉन एव्हरशेड यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी आपल्या विदर्भातील तळणी येथून खग्रास सूर्यग्रहणाचे वर्णपट घेतले होते. पुढे १९०९ मध्ये कोडाईकनाल येथे त्यांना सौरडागांच्या वर्णपटातील रेषा किंचित सरकलेल्या आढळल्या. डागाच्या कडेकडील भागात वायू सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने बाहेर वाहतो, हा त्याचा अर्थ. हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या दीडलाखांश. रेषेचे सरकणेही त्याच प्रमाणात अल्प. डागाची प्रतिमा फटीवरून ढळली, तर एका जागेचा वेग दुसऱ्या जागेच्या नावावर नोंदला जाईल. यंत्र अचूक असूनही निष्कर्ष खोटा ठरेल.

हे शिकविण्यास महागडे साहित्य लागत नाही. हातआरशाने भिंतीवर कवडसा पाडा, त्याची कड खडूने आखा आणि आरसा न हलविता थोडा वेळ थांबा. सरकलेला कवडसा पुन्हा खुणेवर आणण्याचे काम मुलांकडे सोपवा. मात्र सूर्याकडे किंवा आरशातील त्याच्या प्रतिबिंबाकडे कोणी पाहणार नाही, याची दक्षता घ्या. कवडसा खुणेवर टिकविण्याची ही धडपड ज्या मुलाने केली, त्याला मनोऱ्यावरच्या आरशाचे काम निराळे समजावून सांगावे लागणार नाही.