अंधाराची बेगमी



३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. विजेचे खांब आडवे झाले आणि कोकणांतील कित्येक गांवांना आठवडेच्या आठवडे अंधारांत काढावे लागले. अशा प्रसंगीं लहानसें सौर पॅनेल व एक बॅटरी घराला कितपत आधार देऊं शकेल, याचा आज विचार करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वीज कंपनीच्या तारांना जोडलेली, परंतु बॅटरी नसलेली सौर योजना बाहेरची वीज गेली कीं भर उन्हांतहि आपण होऊन बंद पडते. तिची रचनाच तशी असते; कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरांतून उलट आलेल्या विजेचा धक्का बसतां कामा नये. म्हणून अंधारासाठीं बॅटरी हवीच.

तिचा आरंभ दुकानांत नव्हे, तर कागदावर करावा. नऊ वॅटचे दोन एल. ई. डी. दिवे, कमी वीज खाणारा ३० वॅटचा एक पंखा, आणि मोबाइल व राउटर यांस १२ वॅट. एकूण ६० वॅट झाले. पांच तासांस ३०० वॅट-तास लागतील. इन्व्हर्टरमध्यें कांहीं वीज वायां जाते, म्हणून ३५० धरावे. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते. तेव्हां ती १२ व्होल्ट व ६० ॲम्पिअर-तासांची घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतल्यास सुमारें ३५ पुरे. ती महाग खरी, परंतु टिकतेहि अधिक.

पॅनेलचा हिशेब मात्र फसवा आहे. निरभ्र दिवशीं १०० वॅटचें पॅनेल सुमारें ३५० ते ४०० वॅट-तास देतें. परंतु वीज जाते ती बहुधा पावसांत, आणि दाट ढगांखालीं त्याच पॅनेलकडून याचा चौथा हिस्साहि मिळेल अशी खात्री नसते. यास्तव पॅनेल २०० वॅटचें घ्यावें, तें सावली टाळून दक्षिणेकडे तोंड करून घट्ट बसवावें, आणि बाहेरची वीज असेल तेव्हां तिच्यावरहि बॅटरी भरतां येईल अशी सोय ठेवावी. मृगापूर्वीं आपण धान्य व लांकूडफांटा भरून ठेवतों, तशीच ही बेगमी समजावी.

मांडणींत तीन गोष्टी विसरूं नयेत. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्यें त्या जातीच्या बॅटरीस योग्य असा चार्ज कंट्रोलर असावा. बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज असावा. शिशाची बॅटरी भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून ती देवघरांतल्या समईपासून दूर, हवेशीर जागीं ठेवावी. इन्व्हर्टरची वीज भिंतींतल्या प्लगांतून उलट घरांत सोडण्याचा उद्योग तर कोणीहि करूं नये. तो थेट त्या वायरमनच्या जिवावर बेततो.

शेवटीं एक इशारा. घरांत रुग्ण असून त्यास प्राणवायूचें यंत्र लागत असेल, तर तें साधारण ३०० वॅट घेतें. आपल्या या बॅटरीवर तें जेमतेम तासभर चालेल. तेथें या लहान योजनेवर विसंबूं नये. भरलेलें सिलिंडर जवळ असावें. साधनाची मर्यादा आधींच ठाऊक असली, तरच तें अडचणीच्या रात्रीं आधार देतें.