मोटारीची स्प्रिंग आणि वैशाखऱ्याचा रस्ता



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून एका स्नेह्यांनी मला भररस्त्यात थांबवले आणि म्हणाले, "काल संतवाङ्मय, उद्या नाट्यसंगीत, आणि मध्येच तुमच्या स्प्रिंगा! लोक बसतील का?" आपण बसला आहात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटार आहे आणि ती "जरा खाली बसवावी" असे म्हणणारा एखादा मुलगा किंवा पुतण्याही आहे. माझ्या घरी तो भाचा आहे.

पावसाळ्याच्या तोंडी आम्ही पाच जण त्याच्या गाडीतून कल्याणहून निघालो. वैशाखऱ्याला उतरून नाणेघाटाची वाट पाहावयाची आणि मग गाडीनेच माळशेज चढावयाचा, असा बेत होता. गाडीला नव्या आखूड स्प्रिंगा बसवून तिचे पोट चाळीस मिलिमीटर खाली आणले होते. "मामा, गाडी वळणावर कशी चिकटून चालते पाहा!" असे त्याने मुरबाडपर्यंत मला तीनदा सांगितले. टोकावडे मागे पडले, वैशाखरे जवळ आले आणि एक गतिरोधक दिसला. त्याने ब्रेक दाबला, गाडीचे नाक खाली गेले आणि खालून खाडकन् आवाज झाला. चेंबर फुटले. ऑइलची काळी रेघ आमच्या मागे रस्त्यावर उमटत आली.

टोचनगाडीची वाट पाहत एका झाडाखाली आमचे तीन तास गेले. त्या तीन तासांत मी भाच्याला जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. फरक इतकाच, की त्या वेळी माझा आवाज थोडा चढलेला होता.

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून प्रसिद्ध केला: जितका भार, तितकी दाब. पण चाकाला धक्का बसतो तेव्हा आपल्याला नुसता भार पेलायचा नसतो, तो धक्का पोटात जिरवायचा असतो. आणि स्प्रिंग किती धक्का जिरवील हे तिच्या दबण्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. सारी गोम या वर्गात आहे. समजा, चाकाला वर सरकायला ऐंशी मिलिमीटर जागा आहे. त्यापुढे रबरी गुटका, ज्याला कारागीर बंपस्टॉप म्हणतात. गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसवली की जागा उरली निम्मी. निम्म्या जागेत तेवढाच धक्का जिरवायचा तर स्प्रिंग चौपट ताठ हवी. बाजारातल्या अशा स्प्रिंगा मूळच्यापेक्षा वीस-तीस टक्के ताठ असतात. तीस टक्के धरले तरी जिरवण्याची शक्ती मूळच्या एक-तृतीयांशावर येते. उलट गाडी वीसच मिलिमीटर खाली घेतली, तर त्याच ताठपणात जवळजवळ तीन-चतुर्थांश शक्ती शिल्लक राहते. चाळीस आणि वीस यांत दुपटीचा फरक दिसतो. रस्त्यावर तो पुष्कळच मोठा ठरतो.

त्यात माणसांचा हिशेब वेगळाच. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान आले की मागची बाजू आणखी तीसेक मिलिमीटर दबते. म्हणजे चाळिसातून उरले दहा. भाचा कल्याणात एकटा गाडी फिरवीत होता, तेव्हा त्याला हे कळणार कसे? आमच्या तरुणपणी प्रीमियर पद्मिनीला पुढे वळ्यांची स्प्रिंग आणि मागे पाटे असत. टॅक्सीवाले मागे एखादा पाटा जास्तच घालून घेत. भार वाहणाऱ्याला कमानीची किंमत ठाऊक होती. ज्या नाणेघाटाने सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे वर चढत, तो तेथून समोरच दिसत होता. त्या तांडेवाल्यांनीही बैलाची पाठ पाहूनच गोणी भरली असेल.

आता चिकटून चालण्याबद्दल. भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गाडीचा भारमध्य जमिनीपासून साडेपाचशे मिलिमीटरवर धरला आणि तो तीसने खाली आणला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार पाच-साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. इतकाच. गाडी कमी कलते ती मुख्यतः ताठ स्प्रिंगमुळे. शिवाय पुढे मॅकफर्सन पद्धतीची बैठक असेल आणि गाडी फार खाली नेली, तर खालच्या दांड्याचा कोन उलटा होतो आणि कलण्याची प्रवृत्ती उलट वाढू लागते. पण मला भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. ओल्या रस्त्यावर, भर वळणात, रस्त्याचा एखादा उंचवटा आला आणि बाहेरचे चाक गुटक्यावर आदळले, तर त्या क्षणी ती स्प्रिंग राहत नाही, जवळजवळ दगड होते. त्या टोकाचा सारा भार एकदम त्या एका चाकावर जातो आणि पकड सुटते. चेंबर वैशाखऱ्यालाच फुटले नसते, तर अर्ध्या तासाने आम्ही माळशेजच्या धुक्यात असतो. भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

मग निवड करावी कशी? आधी जागा मोजावी. शॉकअबच्या चकचकीत दांड्याला एक प्लॅस्टिकची बारीक पट्टी घट्ट बांधावी, गाडीत नेहमीची माणसे बसवावी आणि नेहमीच्या रस्त्याने जाऊन यावे. पट्टी जिथवर सरकली, तिथवर तुमचा रस्ता पोचतो. तिच्या आणि गुटक्याच्या मध्ये जे उरेल, त्यातूनच काय ते खर्च करावे. गतिरोधकाचे शास्त्रशुद्ध माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे ठरलेले आहे, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. गावोगावचे गतिरोधक हे माप वाचून बांधलेले असतात असे मला वाटत नाही.

जुनी स्प्रिंग कापून आखूड करणे हा शुद्ध अविचार होय. सहा वळ्यांतले एक कापले तर ती वीस टक्के ताठ होते हे खरे. पण तिची बैठक बिघडते आणि चाक लोंबकळताना ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. तापवून बसवलेल्या स्प्रिंगबद्दल तर बोलूच नये, पोलादाचे पाणीच जाते. नवी घेताना जॅकवर चाक लोंबकळू द्यावे आणि तरीही ती दाबात आहे ना हे हाताने पाहावे. तारेची जाडीही तपासावी: ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून बारा मिलिमीटरच्या जागी बारा पूर्णांक सहा आली तरी एकवीस टक्क्यांचा फरक पडतो. मूळचा शॉकअब त्या ताठपणाला पुरेल का, हे विचारावे. चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे. नाहीतर टायर एका कडेने झिजतील.

आणि कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही सांगितले आहेत. तेव्हा पैसे मोजण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमेकऱ्याकडे लेखी विचारणा करावी. भाच्याने ती केली नव्हती. दुकानदारानेही त्याला सुचवले नव्हते.

त्याने मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या. आम्ही पाचही जण, सामानासह, पट्टी बांधून पुन्हा वैशाखऱ्यापर्यंत गेलो. पट्टी गुटक्यापासून अठरा मिलिमीटरवर थांबली. भाचा वाकून बराच वेळ ते अंतर पाहत होता. मग उठून चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत चार बोटे घालून म्हणाला, "मामा, पण ही फट वाईट दिसते हो."