घ्यायचं की नाही? ओपन सोर्समधल्या 'हो'ची किंमत

आज बोलूया 'हो' या एका छोट्याशा शब्दाबद्दल.

ओपन सोर्स मॉड्यूल सांभाळणाऱ्या माणसाकडे, म्हणजे मेंटेनरकडे, सतत मागण्या येतात. "एवढं एक फीचर टाका ना!" कधीकधी मागणारा कोडही लिहून देतो. मग अडलं कुठे? आयतं मिळतंय, घ्या की!

तर ही खरी गोष्ट ऐका. लॉगफोरजे नावाचं जावाचं मॉड्यूल आहे. प्रोग्रॅम चालताना काय काय घडलं याच्या नोंदी ठेवायच्या, हे त्याचं काम. २०१३ च्या जुलैमध्ये एकाने मागणी केली, की नोंद करताना जेएनडीआय या जावाच्या सोयीतून माहिती शोधून आणता यावी. सोबत कोडही दिला. मेंटेनरनी तो घेतला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आठ वर्षं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळलं, की एक ठरावीक प्रकारची ओळ नोंदीत आली, तर हे मॉड्यूल हल्लेखोराच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकतं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये ती ओळ टाइप केली तरी पुरे! धोक्याचे गुण, १० पैकी १०. हेच ते लॉगफोरशेल.

मग निस्तरलं कुणी? मोजक्या स्वयंसेवकांनी. नोकरी सांभाळून, रात्री जागून. २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत चार व्हर्जन त्याच महिन्यात आली. वर लोकांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. मुळात त्यांना स्वतःलाही ते फीचर नकोसं झालं होतं. पण काढलं तर जुन्या लोकांचे प्रोग्रॅम बंद पडतील, म्हणून ठेवलं होतं.

इथेच तर घोडं पेंड खातं! फीचर मागणारा आपलं काम झालं की निघून जातो. ते पुढे वर्षानुवर्षं सांभाळायचं मेंटेनरने. घेणं एका दिवसाचं, काढणं महाकठीण.

म्हणून तुमचं छोटंसं मॉड्यूल असेल तर 'हो' म्हणण्याआधी स्वतःला विचारा: हे किती जणांना लागणार? मॉड्यूलच्या मूळ कामात हे बसतं का? वेगळं प्लगइन करून भागेल का? उत्तर 'नाही' असेल तर कारण सांगून, गोड शब्दांत, पण स्पष्ट सांगा. महिनोन् महिने लटकवून ठेवण्यापेक्षा ते बरं.

आणि मागणारे तुम्ही असाल, तर थेट फीचर मागू नका, आधी अडचण सांगा. कदाचित सोपा मार्ग आधीच असेल. तरीही नकार आला तर रागावू नका. त्या 'नाही'मुळे उद्या कुणाची तरी झोप वाचणार असते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर, तुम्ही फुकट वापरता त्या एखाद्या मॉड्यूलच्या मेंटेनरला दोन ओळी लिहा. मागणी नको, नुसतं 'थँक्यू' म्हणा!