बाण : एका शब्दाचा आणि शस्त्राचा मागोवा

जुन्या मराठी बखरींत आणि पत्रव्यवहारात ‘बाण’ हा शब्द वारंवार भेटतो. आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर तेव्हा धनुष्य उभे राहते. परंतु अठराव्या शतकातील रणवर्णनांत तोफा-बंदुकांच्या बरोबरीने येणारा बाण हा बहुधा दारू भरलेला अग्निबाण असतो. अर्थाची ही खूण हरवली, की इतिहासाचे पानही चुकीचे वाचले जाते.

अग्निबाणाचा उगम चीनमधला. नळीत ठासलेली दारू पेटली, की तिचा वायू मागच्या अरुंद तोंडातून वेगाने बाहेर पडतो आणि नळी पुढे झेपावते. कागदाची वा बांबूची नळी मोठा दाब सोसू शकत नसे. म्हैसूरच्या हैदरअली व टिपू यांच्या कारागिरांनी ती लोखंडाची केली. त्यामुळे दारू अधिक घट्ट भरता आली आणि पल्ला वाढला. दिशा राखण्यासाठी नळीला लांब बांबू बांधीत. नेम मात्र अनिश्चितच राहिला. शत्रूची घोडी उधळणे आणि फळी विसकटणे, यातच या शस्त्राचे सामर्थ्य होते.

या कथेशी हैदराबादचाही संबंध आहे. १७९८ च्या तहाने निजाम इंग्रजांचा अंकित मित्र झाला. तो तह घडवून आणणाऱ्या जेम्स कर्कपॅट्रिकनेच पुढे कोठीची रेसिडेन्सी उभारली. १७९९ मध्ये निजामाची फौज श्रीरंगपट्टणावर चालून गेली. तिच्यासोबतच्या आर्थर वेलस्लीची तुकडी ५ एप्रिलच्या रात्री सुलतानपेठच्या राईत बाण आणि बंदुकांच्या माऱ्याने पांगली. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसुरी बाणांचे नमुने इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हने प्रयोग करून, मोजमापे घेऊन नवे अग्निबाण घडविले. १८०७ मध्ये त्याने त्यांवर पुस्तकही छापले. त्याच वर्षी कोपनहेगनवर त्यांचा वर्षाव झाला. जगाने त्यांना काँग्रीव्हचे नाव दिले; म्हैसूरच्या लोहारांची नावे कोणी नोंदली नाहीत.

२०१८ साली कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात, नगर येथील एका जुन्या विहिरीत असे हजाराहून अधिक बाण मिळाले. गाळात लोखंड टिकले. ते घडविणाऱ्या हातांचे ज्ञान मात्र गाळ जपू शकत नाही. त्यासाठी लेखणी लागते आणि लिहिलेले सांभाळणारे ग्रंथालय लागते. ‘बाण’ या दोन अक्षरांचा खरा अर्थ पुढच्या पिढीला सापडावा, ही जबाबदारी अशा कपाटांवर आणि ती उघडून वाचणाऱ्यांवर आहे.