रिपोर्ट नॉर्मल, गळ्याचं काय?

(वसईच्या हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



या मंचावर दरवर्षी चिमाजी अप्पा येतात. १७३९ची मोहीम, किल्ल्याचा तट, घंटा. यंदा माझ्यासारख्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरला निमंत्रण आलं, तेव्हा पत्ता चुकला की काय, असं मी संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "नाही हो, हल्ली घरटी एकाला थायरॉइड आहे." (हशा) थायरॉइड सगळ्यांनाच असतो, जन्मापासून. बिघडतो काहींचा.

टी-थ्री, टी-फोर, टीएसएच या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत, त्या सोडून देतो. माझं भांडण त्या कागदाशीच आहे. पेशंट येतो आणि बसायच्या आधी फाइल टेबलावर ठेवतो. "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे." फार छान. पण ग्रंथी काम किती करते, एवढंच रक्त सांगतं. ती केवढी झाली आहे, तिच्यात गाठ आहे का, ती श्वासनळीला रेटते आहे का, हे रक्ताला ठाऊक नसतं. टीएसएच अगदी चोख असताना गळ्यात गाठ असू शकते, क्वचित कर्करोगाचीही. बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, तेव्हा आज रात्रीची झोप घालवू नका. पण निरुपद्रवी आहे असं म्हणायला आधी कुणीतरी ती पाहायला हवी. गळ्याला हात लावणारा डॉक्टर दुर्मीळ होत चालला आहे, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचाच दोष आहे.

पहिला त्रास आवाजाचा. ग्रंथीचं काम मंदावलं की स्वरयंत्राच्या पट्ट्यांमध्ये पाणी धरून ठेवणारा पदार्थ साठतो. आवाज जाड, घोगरा होतो. जीभ सुजते, घोरणं वाढतं. बायकांना फोनवर "हॅलो, काका" ऐकावं लागतं. हे गोळीने बरंच सुधारतं, मात्र ती उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची. पहाटेची लोकल गाठणारे गोळी आणि चहा एकाच घोटात उरकतात आणि वर मला म्हणतात, गुण येत नाही!

दुसरं, ताप येऊन गेल्यावर गळ्याच्या पुढच्या भागात दुखतं, कळ कानापर्यंत जाते. सगळे म्हणतात घसा धरलाय. अँटिबायोटिकचा कोर्स होतो, दुखणं जागेवरच. कधी कधी ती थायरॉइडची सूज असते. बोट ठेवलं की पेशंट ओरडतो. पुन्हा तेच, बोट ठेवायला हवं.

तिसरा त्रास दाबाचा. वाढलेली ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरली की आडवं पडल्यावर श्वास अडतो, घास अडकतो. पेम्बर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९४६ साली यासाठी एक बिनपैशाची तपासणी सांगितली. दोन्ही हात डोक्यावर धरायचे. मिनिटाभरात चेहरा लाल-जांभळा झाला, तर मानेतल्या शिरा दाबल्या जात आहेत. विरार फास्टमध्ये ही तपासणी आपण रोजच करतो, फक्त तिथे चेहरा सगळ्यांचाच जांभळा होतो. (मोठा हशा)

आता आवाजाची नस. ऑपरेशन म्हटलं की तुम्ही हिचंच नाव घेता. ती ग्रंथीच्या मागून स्वरयंत्रात जाते, आणि गाठीने किंवा शस्त्रक्रियेत दुखावली तर आवाज बसतो. वरची एक फांदी उंच स्वर सांभाळते. आमेलिता गाली-कुर्ची या विख्यात ऑपेरा गायिकेचं गलगंडाचं ऑपरेशन १९३५ साली शिकागोत झालं. त्यात ती फांदी तुटली आणि गळा गेला, ही गोष्ट आम्हाला कॉलेजात भक्तिभावाने सांगत. पुढे जुन्या नोंदी तपासणाऱ्यांनी दाखवलं, की तिचा आवाज आधीपासूनच उतरत होता. सर्जनवर उगाच खापर! हे मी धंदाबंधू म्हणून बोलत नाही. (हशा) बरं, थोडं म्हणूनही बोलतो.

काय? मागून आवाज येतोय... "आपण समुद्रकाठचे, आपल्याला आयोडिन कसं कमी पडेल?" वा! यावर मला दोन मिनिटं द्या.

समुद्राच्या मासळीत आयोडिन असतं, हे खरं. अर्नाळ्याचं, पाचूबंदरचं जेवण या बाबतीत चांगलंच. पण मिठाचं गणित वेगळं आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ आणि ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडिन. त्यातलं सगळं मिठात उतरलं, जे उतरत नाही, तरी १० ग्रॅम जाड्या मिठातून मिळणार फार तर १७. मोठ्या माणसाची रोजची गरज १५०. नायगाव-भाईंदरच्या मिठागरांशी नातं असलेली घरं या सभागृहात आहेत, त्यांनी रागावू नये. तुमच्या मिठात खोट नाही, समुद्रच हात आखडता घेतो. म्हणून आयोडिन वरून घालावं लागतं. स्वित्झर्लंडने ते १९२२मध्ये सुरू केलं. आपल्याकडे रामलिंगस्वामींनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात प्रयोग करून सिद्ध केलं, की अशा मिठाने गलगंड कमी होतो. १९६२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. बिनआयोडिनच्या खाण्याच्या मिठावर १९९८मध्ये बंदी आली, २००० साली उठली, २००६मध्ये पुन्हा आली. मिठावरून या देशात राजकारण व्हायचंच. आणि आता आमचे सुशिक्षित लोक महागडं गुलाबी मीठ आणतात, ज्यात बहुधा आयोडिन घातलेलंच नसतं, आणि...

हो, चिठ्ठी दिसली. पाच मिनिटं. पहिली कुठे गेली होती? (हशा)

आज आपल्याकडे ग्रंथी मंदावण्याचं मोठं कारण मीठ नाही. आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२मध्ये वर्णन केलेला आजार. तेव्हा मीठ बदलून गोळी बंद करू नका. गरोदरपणावर बोलायचं होतं, एकच आकडा सांगतो, तेव्हा आयोडिनची गरज २५०वर जाते.

घरी आरशासमोर हनुवटी जरा वर करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खाली पाहा. थायरॉइड श्वासनळीला धरून असतो, त्यामुळे त्याची गाठ घोटाबरोबर वर सरकते. काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, लहान गाठी आरशात सापडत नाहीत. दिसलं, किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असला, तर स्वरयंत्र दुर्बिणीतून तपासून घ्या. आणि पुढच्या वेळी रिपोर्ट दाखवताना तुमच्या डॉक्टरांना सांगा, "गळाही बघा." ते वैतागले, तर माझं नाव सांगा.